तामरिन तनासुगर्नची वही: रिटायर झालेल्या खेळाडूचं करिअर मुलीबरोबर बसून कसं वाचायचं

इंदूरमधे ज्यांच्या घरची मुलगी रोज संध्याकाळी रॅकेट पाठीला लावून कोर्टवर जाते त्या घरच्या आईबाबा, मावशी, आजोबांसाठी हे लिहितेय. आपल्या शहराला खेळाडूंची करिअर्स वाचायची सवय आहे, नाही असं नाही, पण ती क्रिकेटची. सी. के. नायडू, मुश्ताक अली, होळकर टीमनं चारदा जिंकलेली रणजी, द्रविडचा जन्म आपल्याच इंदूरचा, हे सगळं रामबागेतल्या कुठल्याही आजोबांना झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगतील. टेनिसचं मात्र आपण एवढंच विचारतो की ग्रँड स्लॅम, म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या टूर्नामेंट्स, त्यातल्या किती जिंकल्या. त्यामुळे मुलीसमोर दोनच नमुने उरतात, एक चॅम्पियन सेरेना विल्यम्स आणि दुसरी खेळ सोडून दिलेली शेजारची ताई, मधलं काहीच तिला दिसत नाही. आणि टेनिस खेळून पोट भरणाऱ्या बहुतेक बायका तर त्या मधल्यातच असतात!

म्हणून मी भाचीबरोबर एक वही केली. थायलंडची तामरिन तनासुगर्न, सगळे तिला टॅमी म्हणतात, तिचं पूर्ण करिअर आम्ही हातानं लिहून काढलं. हे कसं करायचं ते सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्या घरी करता येईल. तीच का निवडली? कारण ती १९९४ ला प्रोफेशनल झाली आणि २०१६ ला रिटायर, म्हणजे बावीस वर्षं. कारण ती आपल्यासारख्याच गरम देशातली आहे जिथे टेनिस हा काही पहिल्या नंबरचा खेळ नाही. आणि मुख्य म्हणजे तिच्या करिअरचे जे दोन आकडे सगळीकडे दिसतात, सिंगल्सची बेस्ट रँकिंग १९ आणि सिंगल्सची टायटल्स ४, ते वाचून तुम्हाला काहीएक कळत नाही, उलट चुकीचंच काहीतरी वाटतं. असंच करिअर घ्या. ज्याचं सार एका ओळीत येतं ते घेऊन उपयोग नाही.

कधी करायचं तर जूनमधे. आपल्याकडे पाऊस सुरू होतो, कोर्ट ओले असतात, मुली घरी चिडचिड करत बसतात, आणि तेव्हाच टीव्हीवर ग्रास कोर्टचा सीझन चालू असतो. याहून चांगला मुहूर्त नाही. एका बैठकीत उरकू नका, रोज थोडं थोडं.

खजुरी बाजारातून एक लांब, जाड पुठ्ठ्याचं, आडव्या रेघांचं रजिस्टर आणा. लहान वही नको, रकाने मावत नाहीत. मोबाईलवर किंवा एक्सेलमधे तर अजिबात करू नका, मी खूप विचार करून सांगतेय, हातानं नाव लिहिलं की ते नाव पुन्हा समोर आल्यावर मुलीला आठवतं, कॉपी पेस्टमधे ते होत नाही, आणि ही सगळी गंमतच नावं आठवण्यावर आहे, पुढे कळेलच. रकाने असे पाडा: वर्ष आणि महिना, गाव, सरफेस म्हणजे कोर्टची जमीन (कडक हार्ड, मातीचं क्ले की गवताचं ग्रास), कितव्या राउंडपर्यंत, कोणाकडून हरली, स्कोअर, आणि शेवटी वय. वयाचा रकाना विसरू नका. तो नसेल तर बाकी सगळं नुसतं पाढे लिहिल्यासारखं होतं.

माहिती कुठून घ्यायची हा प्रश्न येणारच. डब्ल्यूटीए, म्हणजे बायकांच्या प्रोफेशनल टेनिसची संघटना, तिच्या साइटवर प्रत्येक खेळाडूचं पान असतं, त्यात वर्षाप्रमाणे मॅचेस दिसतात. आयटीएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस संघटना, तिच्या साइटवर ज्युनियरच्या आणि छोट्या टूर्नामेंट्स मिळतात. विम्बल्डनच्या साइटवर जुने ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्याचे तक्ते, अख्खे ठेवलेले आहेत. विकिपीडियावर टूर्नामेंटप्रमाणे ड्रॉची पानं आहेत, तीही बघा. आमचा नियम साधा, दोन ठिकाणी जुळलं तर पेनानं, एकाच ठिकाणी मिळालं तर पेन्सिलनं. नव्वदच्या दशकातलं बरंच पेन्सिलनंच राहतं, राहू दे.

आता सुरुवात. पहिल्या पानावर जन्मतारीख, २४ मे १९७७, आणि गाव लॉस एंजेलिस. हो, जन्म अमेरिकेतला, मग लहानपणीच कुटुंब थायलंडला परत आलं. वडील विराचाई थायलंडकडून बास्केटबॉल खेळलेले, आणि तिला टेनिस शिकवण्यात त्यांचा मोठा हात. एवढं पुरे, घरच्या गोष्टींमधे जास्त रमू नका.

त्यानंतर पहिली एंट्री ज्युनियरची. १९९५, विम्बल्डन, मुलींची फायनल, पोलंडच्या अलेक्सांद्रा ऑल्झाकडून हरली, ७-५, ७-६. इथे भाचीनं विचारलं, "मावशी, हरलेल्या पण लिहायच्या का?" मी म्हटलं अगं हरलेल्याच लिहायच्या, जिंकलेल्या काय कोणीही लिहून ठेवतं. हे मी गंमतीत नाही म्हटलं हं, टेनिसमधे प्रत्येक टूर्नामेंटला एक जण सोडून सगळे हरतात, बत्तीसच्या ड्रॉमधे एकतीस जणी हरून घरी जातात. म्हणजे खेळाडूचं वर्षाचं पान भरायचं तर ते बहुतेक हारण्यानंच भरणार. मुलीला हे एकदा डोळ्यांनी दिसलं पाहिजे, आपण तोंडानं शंभरदा सांगून काही होत नाही.

आता लाल पेन घ्या आणि हरलेल्या फायनल्स लाल करा. २००० बर्मिंगहॅम, ग्रास, लिसा रेमंडकडून तीन सेटमधे. २००१ टोकियो, मोनिका सेलेसकडून. २००२ च्या जानेवारीत कॅनबेरा, ॲना स्मॅशनोव्हाकडून. मग लगेच दोहा, पुन्हा सेलेस. सगळ्या लाल! आणि आता रँकिंगचं पान काढा. मे २००२ मधे ती १९ व्या नंबरला पोचली, ही तिची आयुष्यातली सगळ्यात वरची रँकिंग. दोन्ही पानं शेजारी ठेवा आणि मुलीला विचारा काय दिसतंय, तुम्ही सांगू नका, तिला शोधू दे. दिसतं ते असं की जगात एकोणिसाव्या नंबरवर पोचली तेव्हा तिच्या नावावर डब्ल्यूटीएचं एकही सिंगल्स टायटल नव्हतं. एकही नाही. दर आठवड्याला दोन-तीन मॅचेस जिंकत, क्वार्टर, सेमी, फायनल गाठत ती तिथवर गेली. आपल्याकडे कोर्टच्या जाळीबाहेर उभं राहिलं की एकच ऐकू येतं, "भिया, ट्रॉफी आली का?" त्या सगळ्या भियांना हे पान दाखवायला हवं असं मला फार वाटतं.

मग येतं २००३, फेब्रुवारी, आणि गाव कुठलं तर हैदराबाद! पहिलं टायटल तिनं भारतात घेतलं. हैदराबाद ओपनचं ते पहिलंच वर्ष होतं, त्या काळच्या टायर फोरची, म्हणजे चौथ्या दर्जाची टूर्नामेंट. पुढे २००४ ला तिथेच सानिया मिर्झानं लीझेल ह्यूबरबरोबर डबल्स जिंकलं आणि २००५ ला सिंगल्स, म्हणून आपल्याला हैदराबाद म्हटलं की सानियाच आठवते, पण पहिल्या वर्षीची चॅम्पियन तामरिन. फायनल इरोडा तुल्यागानोव्हाविरुद्ध, उझबेकिस्तानची, ६-४, ६-४. वय पंचवीस.

इथे नुसतं निळ्या पेनानं लिहून पुढे जाऊ नका. तुल्यागानोव्हा हे नाव मागे कुठे आलंय का बघा. आलंय, २००२ च्या ऑक्टोबरच्या रकान्यात, बुसानच्या एशियन गेम्समधे. तिथे सिंगल्सचं गोल्ड तुल्यागानोव्हाला आणि सिल्व्हर तामरिनला. म्हणजे गोल्ड जिच्यामुळे गेलं तिलाच चार महिन्यांनी समोरासमोर हरवून पहिलं टायटल. हे कुठल्याही एका पानावर एका ओळीत लिहिलेलं सापडत नाही, दोन पानं तुम्हीच जोडायची असतात. भाचीला ते नाव आठवलं कारण तिनं ते स्वतः लिहिलं होतं, आणि एवढं लांबलचक नाव एकदा लिहिलं की विसरता येत नाही!

अशी नावं जोडायचं काम सगळ्यात महत्त्वाचं समजा आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. आम्ही एका रंगाच्या पेन्सिलनं एक नाव, अशा रेषा ओढल्या. तामरिनच्या वहीत जोडायला भरपूर आहे. १९९८ च्या बँकॉक एशियन गेम्सच्या फायनलला समोर इंडोनेशियाची यायुक बासुकी होती, तिथेही सिल्व्हरच मिळालं, आणि तेही स्वतःच्या देशात, घरच्या लोकांसमोर. २००८ च्या विम्बल्डनला तिसऱ्या राउंडमधे तिनं न्यूझीलंडच्या मरीना एराकोविचला हरवलं, आणि २०११ ला त्याच एराकोविचबरोबर जोडी करून विम्बल्डनच्या डबल्सच्या सेमीफायनलपर्यंत गेली. मुली आज जिच्याकडून हरतात तिच्याशी बोलणं टाकतात, तिच्या आईशी आपणही बोलत नाही, सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ही रेषा मी मुद्दाम जाड ओढायला लावली.

आता सरफेस. चार टायटल्सच्या पुढे सरफेस लिहा: हैदराबाद हार्ड, हर्टोगेनबॉश ग्रास, पुन्हा हर्टोगेनबॉश ग्रास, ओसाका हार्ड. क्लेवर एकही नाही. का? यासाठी यूट्यूबवर तिच्या जुन्या मॅचेस शोधा आणि आवाज बंद करून बघा, कॉमेंट्री ऐकत बसलं की डोळे काम करत नाहीत. बघायचं काय तर तिचा बॉल. फ्लॅट मारते, नेटच्या थोडासाच वरून जातो, टॉपस्पिनचा, म्हणजे पुढे फिरत जाऊन उंच उसळणाऱ्या बॉलचा, मोठा फुगा नाही, बॅकहँड दोन हातांचा, आणि बॉल उसळायला लागला की लगेच घेते, मागे मागे जात नाही. असा बॉल क्लेवर पडला की उसळून समोरचीला आरामात मिळतो, तिला वेळ मिळतो. ग्रासवर तोच बॉल टप्पा पडल्यावर घसरतो, खालीच राहतो, आणि ज्यांचा रॅकेट मागे नेण्याचा झोका मोठा असतो त्यांना उशीर होतो. जोरदार टॉपस्पिन मारणाऱ्यांचा बॉल ग्रासवर हवा तेवढा उसळतच नाही, त्यांचं हत्यारच बोथट होतं. म्हणजे तोच हात, तोच शॉट, फक्त खालची जमीन बदलली. विम्बल्डनवाल्यांनी २००१ पासून गवतात पूर्णपणे राय ग्रास लावायला सुरुवात केली, आधी मिश्र असायचं, त्यानंतर टप्पा थोडा जास्त एकसारखा यायला लागला असं म्हणतात, तरी फ्लॅट खेळणाऱ्यांना ग्रास आवडतं ते आवडतंच.

आता त्याला कॅलेंडर जोडा, कारण खरी अडचण तिथे आहे. तिच्या काळात फ्रेंच ओपन आणि विम्बल्डनमधे फक्त दोन आठवड्यांची गॅप असायची, २०१५ पासून ती तीन आठवड्यांची झाली. म्हणजे जिचा खेळ ग्रासचा, तिला वर्षातल्या बावन्न आठवड्यांपैकी जेमतेम चार-पाच आठवडे मिळणार, विम्बल्डन धरून. बाकी वर्षभर दुसऱ्यांच्या जमिनीवर खेळायचं. वहीत हे फार स्पष्ट दिसतं, जून जुलैचे रकाने बघा आणि मार्च एप्रिलचे बघा. विम्बल्डनला तिनं कितीदा तरी चौथा राउंड गाठलाय, १९९८ पासून बघत चला.

आणि आता जून २००८, ज्याच्यासाठी वहीत अख्खं डबल पान ठेवायचं. मी म्हणेन बाकी काही नाही जमलं तरी एवढं पान कराच.

तामरिन एकतीस वर्षांची. नेदरलँड्समधल्या हर्टोगेनबॉशला तिला मेन ड्रॉमधे सरळ जागा नाही, क्वालिफायिंग खेळायला लागलं. म्हणजे आधी क्वालिफायिंगच्या मॅचेस, आणि मग बत्तीसच्या ड्रॉमधे टायटलसाठी पाच. फायनलला समोर दिनारा सफिना, जी दोनच आठवड्यांपूर्वी फ्रेंच ओपनची फायनल खेळून आलीय. स्कोअर ७-५, ६-३, तामरिन चॅम्पियन, क्वालिफायर म्हणून आलेली! ते संपलं की लगेच २३ जूनला, सोमवारी, विम्बल्डन सुरू. तिथे तिसऱ्या राउंडला एराकोविच, मघाशी सांगितलं ते, आणि चौथ्या राउंडला दुसरी सीड, म्हणजे टूर्नामेंटनं आधीच दुसरा नंबर दिलेली, येलेना यांकोविच, ६-३, ६-२. सरळ सरळ. ग्रँड स्लॅम सिंगल्सच्या क्वार्टर फायनलला पोचलेली ती थायलंडची पहिली खेळाडू. क्वार्टरला व्हीनस विल्यम्स, ६-४, ६-३, हरली, आणि त्या वर्षीचं विम्बल्डन व्हीनसनंच जिंकलं.

हे पान करताना अख्खा ड्रॉ प्रिंट काढून चिकटवा, आणि उलटा वाचा, म्हणजे शेवटून. व्हीनसपासून मागे मागे या. मग दिसतं की त्या वर्षी पहिल्या चार सीड्सपैकी एकही क्वार्टर फायनलला नव्हती. इवानोविचला झेंग जियेनं काढलं, जी वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास जागेवर, आली होती आणि सेमीपर्यंत गेली, शारापोव्हा गेली, कुझनेत्सोव्हाला राद्वान्स्कानं काढलं, आणि यांकोविचला तामरिननं. मुलीला सीड म्हणजे काय ते ड्रॉ वाचल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे ड्रॉ लागला की मुली पहिले बघतात की दुसऱ्या राउंडला सीड आहे का, आणि असली की चेहरा पडतो, पहिली मॅच खेळायच्या आधीच. त्या दिवशी हा चिकटवलेला ड्रॉ बॅगेत असला तर बरं.

पुढच्या वर्षीचं पान लगेच शेजारी लिहा. २००९, पुन्हा हर्टोगेनबॉश. पॉइंट डिफेंड करणं काय असतं ते इथे समजावून सांगायचं. रँकिंग ही गेल्या बावन्न आठवड्यांची असते, म्हणजे मागच्या जूनमधे कमावलेले पॉइंट्स या जूनमधे गळून पडणार, तेवढेच पुन्हा कमावले नाहीत तर रँकिंग खाली. त्या प्रेशरमधे ती खेळली. सेमीला पुन्हा सफिना! आता सफिना वर्ल्ड नंबर वन झालेली, आणि याही वर्षी फ्रेंच ओपनची फायनल खेळून आलेली. ७-५, ७-५, तामरिन. फायनलला यानिना विकमायर, ६-३, ७-५, टायटल राखलं. सफिना दोन्ही वर्षी पॅरिसच्या क्लेवर फायनलपर्यंत खेळून ग्रासवर आली होती आणि दोन्ही वर्षी समोर जिचा खेळच ग्रासचा ती, हे मुलीला तुमच्या मदतीशिवाय सापडलं तर समजा वही कामाला आली. वय बत्तीस.

एक सावधगिरी इथेच सांगते. वर्षावर्षातले पॉइंट्स एकमेकांशी कम्पेअर करू नका. २००९ ला डब्ल्यूटीएनं सगळी पद्धत बदलली, टायर वन टू थ्री फोर जाऊन प्रीमियर आणि इंटरनॅशनल अशी नावं आली, पॉइंट्सही वाढले, ग्रँड स्लॅम विनरला आधी १००० मिळायचे ते २००० झाले. आता तर २५०, ५००, १००० अशी नावं आहेत. त्यामुळे कोणाचे पॉइंट्स जास्त हा हिशोब वेगवेगळ्या वर्षांत लागत नाही. नंबर कितवा ते बघा, पॉइंट्स सोडा.

मग २०१०. फेब्रुवारीत पटायाला, घरच्या लोकांसमोर, फायनल, व्हेरा झ्वोनारेव्हाकडून हरली, म्हणजे आणखी एक लाल ओळ. आणि ऑक्टोबरमधे ओसाका. फायनल किमिको दाते क्रूमविरुद्ध, ७-५, ६-७, ६-१. तामरिन तेहतीस, किमिको चाळीस. फायनल खेळणाऱ्या दोघींच्या वयाची बेरीज त्र्याहत्तर! आता वयाचा रकाना वरपासून खालपर्यंत बोटानं वाचत या. चार टायटल्सची वयं पंचवीस, एकतीस, बत्तीस, तेहतीस. चारातली तीन एकतिशीनंतरची. आणि बेस्ट रँकिंग चोवीसाव्या वर्षी, पंचविसावा वाढदिवस काही दिवसांवर असताना, एकही टायटल नसताना. तो १९ आणि ४ वाला आकडा आठवतोय ना, त्यात हे काही दिसलं होतं का?

आपल्याकडे बारा-तेरा वर्षांच्या मुलीबद्दल कोर्टवर उभं राहून लोक ठरवून मोकळे होतात की हिचं काही होणार नाही, अंडर फोर्टीनमधे रँकिंग नाही, दहावी आली, सोडवा आता. मला याचा मनापासून त्रास होतो. सोडायचं असेल तर जरूर सोडा, खर्च असतो, प्रवास असतो, अभ्यास असतो, प्रत्येक घराची आपली गणितं असतात, पण ज्युनियरची रँकिंग बघून सोडू नका. यासाठी वहीत एक पान आणखी जोडा. इंडोनेशियाची अँजेलिक विजाया. २००१ ला तिनं ज्युनियर विम्बल्डन जिंकलं, फायनलला समोर कोण होती माहितेय? हीच दिनारा सफिना. त्याच वर्षी सोळा वर्षांची असताना अँजेलिकनं बालीला डब्ल्यूटीएचं टायटल घेतलं, पुढच्या वर्षी ज्युनियर फ्रेंच ओपनही जिंकलं, पटायाचं टायटलही घेतलं, आणि २००८ मधे ती रिटायर झाली, तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती. जी ज्युनियरची फायनल हरली ती २००९ ला वर्ल्ड नंबर वन. यात अँजेलिकचं काही कमी नाही, सोळाव्या वर्षी डब्ल्यूटीए टायटल ही फार मोठी गोष्ट आहे, फक्त ज्युनियरच्या निकालावरून पुढचं वाचता येत नाही एवढंच, दोन्ही बाजूंनी.

देशासाठी खेळलेल्याचं पान वेगळं करा, त्यात जास्त वेळ नाही जात. अटलांटा, सिडनी, अथेन्स, बीजिंग, चार ऑलिंपिक. एशियन गेम्सची दोन सिंगल्स सिल्व्हर वर आलीच. थायलंडकडून फेड कप, म्हणजे देशांच्या टीम्सची टूर्नामेंट.

डबल्स मात्र घाईत उरकू नका. डबल्समधे तिची बेस्ट रँकिंग १५, म्हणजे सिंगल्सपेक्षा वरची, आणि टायटल्सही सिंगल्सपेक्षा जास्त. प्रत्येक टायटलपुढे पार्टनरचं नाव लिहा आणि ती कुठल्या देशाची ते लिहा. आपल्या मुलींना डबल्स म्हणजे सिंगल्स हरल्यावर खेळायचं काहीतरी असं वाटतं, कोचही कधी कधी तसंच वागवतात. प्रवासाचा थोडाफार खर्च निघतो, मॅच प्रॅक्टिस मिळते, व्हॉली सुधारते, आणि चौतिसाव्या वर्षी विम्बल्डनच्या सेमीला उभं राहता येतं.

हे सगळं झाल्यावर शेवटची पानं मुलीची. तेच रकाने, तीच पद्धत. गेल्या वर्षभरात इंदूर, भोपाळ, जिथे जिथे एआयटीएच्या (भारताच्या टेनिस संघटनेच्या) टूर्नामेंट्स खेळली त्या सगळ्या: गाव, सरफेस, क्वालिफायिंग की मेन, कितवा राउंड, कोणाकडून हरली, स्कोअर, आणि आपलं वय, आणि समोरचीचंही वय. समोरचीचं वय नक्की लिहायला लावा. अंडर फोर्टीनमधे बारा वर्षांची मुलगी पावणेचौदाच्या मुलीकडून ६-३, ६-४ हरते आणि घरी येऊन रडते, वहीत बघितलं की तो स्कोअर वेगळाच दिसतो. मग नावं जोडा, कोण दोनदा भेटली, पहिल्यांदा स्कोअर काय, दुसऱ्यांदा काय. ६-१, ६-१ चं ६-४, ७-५ झालं असेल तर ती लाल ओळ लालच राहू दे, पण शेजारी बाण काढा. तिचा बॉल कसा जातो तेही लिहा, फ्लॅट की टॉपस्पिन, आणि कुठल्या कोर्टवर बरं खेळते. इकडच्या बहुतेक मुली हार्ड कोर्टवरच मोठ्या होतात, क्लेची टूर्नामेंट आली की पहिल्या दिवशी गडबडतात, तर क्लेच्या ओळी वेगळ्या रंगात ठेवा, हार्डच्या हिशोबात मिसळू नका. हे लिहिताना आईबाबांनी बोलायचं नाही, मुलीनं लिहायचं, तुम्ही फक्त स्पेलिंग सांगा.

एक वही संपली की दुसरी करायची असेल तर मी यायुक बासुकी घ्यायला सांगेन. योग्याकार्ताची, तामरिनपेक्षा साडेसहा वर्षांनी मोठी, आणि गंमत म्हणजे तिचीही सिंगल्सची बेस्ट रँकिंग १९ च, १९९७ मधली, आणि त्याच वर्षी विम्बल्डनची क्वार्टर फायनल, जिथे ती याना नोव्होत्नाकडून हरली. आकडा तोच पण आतलं सगळं वेगळं, यायुकची सहा सिंगल्स टायटल्स १९९१ ते १९९४ या काळातली, पटाया, क्वालालंपूर, जकार्ता, बीजिंग, म्हणजे सगळी आशियातली. सुरुवात १९९१ च्या पटायापासून करा, पेन्सिल जास्त लागेल कारण जुनं आहे, आणि डबल्ससाठी पानं आधीच मोजून मोकळी सोडा, डबल्समधे ती ९ व्या नंबरपर्यंत गेली होती, तामरिनच्या वहीत आम्हाला तिथे जागा कमी पडली.